ज्यूंचा द्वेष कुठून आला आणि अजून का टिकून आहे?

तुमचा प्रश्न असा आहे: ज्यूंचा द्वेष नेमका कुठे सुरू झाला, आणि इतक्या देशांनी इतकी शतकं त्यांना हाकललं म्हणजे त्यांचंही काहीतरी चुकलंच असेल ना?

दुसरा भाग आधी घेतो, कारण तो वाचून मला राहवलं नाही. माझं आजोळ अलिबागचं. तिथे इस्रायल आळी आहे, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. आजीच्या शेजारचं कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातलं, होतं. आडनाव कोकणातल्याच एका गावावरून पडलेलं, घरात बोलणं मराठी. कोकणात या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. आपले पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, असं ते परंपरेने सांगत आले आहेत. शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, लग्न आपसांतच करणं, या ज्या गोष्टींवरून युरोपात ज्यू परके ठरले त्या सगळ्या इथेही होत्या. तरी ज्यू आहेत म्हणून त्यांची घरं कुणी पेटवली नाहीत. द्वेषाचं मूळ ज्यूंच्या वागण्यात असतं, तर ते अलिबागलाही दिसायला हवं होतं.

यावरून आपण मोठे उदार होतो असं म्हणायला मी धजावत नाही. शनवार तेल्याला सुखाने राहू देणाऱ्या त्याच गावांत पाणवठे सगळ्यांना खुले नव्हते. आपल्याकडे ज्यूंविषयी एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली जाणारी त्यांच्या पापाची कथा. युरोपात ती होती.

ही कथा कशी जन्मली? ज्यूंविरुद्ध दंगली ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराआधीही झाल्या. इसवी सन ३८ मध्ये अलेक्झांड्रियात मोठी झाली. पण प्राचीन जगात एकमेकांशी वैर असलेले समाज पुष्कळ होते, आणि ती वैरं त्या समाजांबरोबर संपली. हे वैर संपलं नाही, कारण ते धर्मकथेत जाऊन बसलं. येशू ज्यू होता, त्याचे पहिले शिष्य ज्यू होते. क्रूसावर चढवणं ही रोमन शिक्षा, आणि ती दिली रोमन अधिकारी पिलातने. पण पुढे चर्च रोमन साम्राज्यातच वाढलं आणि दोष रोमवरून सरकत सरकत सगळ्या ज्यूंवर, त्यांच्या न जन्मलेल्या मुलांवरही गेला. इसवी सन ३८६–८७ मध्ये अँटिओकमध्ये जॉन क्रिसोस्टम या धर्मगुरूने ज्यूंविरुद्ध अत्यंत विखारी प्रवचनं दिली. ती का दिली हे मला फार महत्त्वाचं वाटतं: त्याच्या चर्चमधले लोक सणावाराला आपखुशीने सिनेगॉगमध्ये जात होते, ज्यूंचे उपास धरत होते. सामान्य माणसांची एकमेकांकडे ये-जा होती, आणि ती तोडण्यासाठी तिरस्कार शिकवावा लागला. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही, असं व्हॅटिकनने अधिकृतपणे म्हटलं ते १९६५ मध्ये.

आता पैसा. ‘ज्यू सावकार होते, लोकांना लुबाडत होते’ हे तुम्हीही ऐकलं असेल. चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज घ्यायला मनाई केली होती. कारागिरांच्या संघांत ज्यूंना प्रवेश नव्हता, जमिनी धरण्यावर बंधनं होती. मग जे उरलं त्यात अनेक जण शिरले. राजाला ते सोयीचंच होतं. ज्यू हे राजाच्या खजिन्याची मालमत्ता मानले जात. राजा त्यांच्यावर जबर कर बसवी आणि तो भरायला ते ऋणकोंकडून वसुली करत. लोकांना दाराशी आलेला ज्यू दिसे, त्याच्यामागचा राजा दिसत नसे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने त्यांना असं पिळून काढलं, १२७५ मध्ये त्यांच्या सावकारीवरच बंदी घातली आणि १२९० मध्ये सगळ्यांना देशाबाहेर काढलं.

स्ट्रासबर्गची हकिकत जरा सविस्तर सांगतो, कारण या एका शहरात सगळं यंत्र उघडं दिसतं. १३४७ मध्ये युरोपात प्लेग शिरला. १३४८ च्या शरदात सॅव्हॉय प्रांतात काही ज्यूंचा छळ करून ‘आम्ही विहिरींत विष कालवलं’ असे कबुलीजबाब घेतले गेले आणि त्यांच्या नकला शहरोशहरी पाठवल्या गेल्या. पोप सहावा क्लेमेंट याने त्याच वर्षी फर्मान काढून सांगितलं की प्लेगने ज्यूही मरत आहेत आणि जिथे ज्यूच नाहीत तिथेही तो पसरतो आहे. म्हणजे खरं काय ते त्या काळीही सांगितलं गेलं होतं, तेही पोपच्या तोंडून! स्ट्रासबर्गच्या नगर-प्रमुखांनीही ज्यूंना हात लावू द्यायचं नाकारलं. फेब्रुवारी १३४९ मध्ये कारागीर-संघांनी त्यांना पायउतार केलं, आणि १४ फेब्रुवारीला, शनिवारी, शेकडो ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत लाकडी मंचावर जिवंत जाळण्यात आलं. बाप्तिस्मा घ्यायला तयार झाले ते वाचले. तोवर स्ट्रासबर्गमध्ये प्लेग पोचलासुद्धा नव्हता. नंतर कर्जाचे कागद रद्द झाले, गहाण वस्तू परत गेल्या, रोकड वाटली गेली. तिथल्याच जुन्या इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे की ज्यूंना मारलं ते पैशानेच. ते गरीब असते आणि सरदार त्यांचे देणेकरी नसते तर ते जळाले नसते.

इथे मला आपलं पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव आठवतं. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यांनीही कर्जरोखेच जाळले. पण सावकाराच्या जिवावर सहसा कुणी उठलं नाही. कर्जाचा राग तोच, जाच कदाचित जास्तच. माझ्या मते फरक कथेचा आहे. सुप्याच्या शेतकऱ्याला सावकार लुबाडणारा वाटत होता, देवाचा मारेकरी वाटत नव्हता.

तर, टिकतं का? दोन अर्थशास्त्रज्ञांनी, फोइग्टलेंडर आणि फोथ यांनी, २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्लेगच्या काळात ज्या जर्मन गावांनी ज्यूंची कत्तल केली होती, तीच गावं त्यांनी सहाशे वर्षांनी तपासली. १९२०च्या दशकात ज्यूंवर हल्ले होण्याचं प्रमाण तिथे कितीतरी जास्त निघालं, १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मिळालेली मतंही जास्त. मधल्या काळात यातल्या अनेक गावांत कित्येक शतकं ज्यू राहतच नव्हते. ज्याचा द्वेष करायचा तो माणूस समोर नसतानाही द्वेष घरातल्या भांड्यांसारखा वारशाने पुढे गेला. कसा, ते बव्हेरियातल्या डेगेनडोर्फवरून कळतं. तिथे १३३८ मध्ये ज्यूंना मारलं गेलं. ज्यूंनी चर्चच्या उपासनेतल्या पवित्र भाकरीची विटंबना केली होती, ही कथा मागाहून जोडली गेली आणि तिच्या नावाने जत्रा भरू लागली. ही जत्रा थेट १९९२ मध्ये बंद झाली. आईबापांचं बोट धरून जत्रेला जाणाऱ्या मुलाला वेगळं काही शिकवायची गरज नसते. त्याच अभ्यासात दिसलं की जुन्या व्यापारी शहरांत, जिथे परका माणूस सतत येत-जात होता, तिथे हा वारसा बराच पुसला गेला.

टिकण्याचं दुसरं कारण असं की हा द्वेष सुटकेची वाट बंद करतो. स्ट्रासबर्गमध्ये धर्म बदलून जीव वाचत होता. पण १४४९ मध्ये स्पेनमधल्या तोलेदो शहराने फर्मान काढलं की पूर्वी ज्यू असलेल्या ख्रिस्त्यांना पदं मिळणार नाहीत, कारण त्यांचं रक्त शुद्ध नाही. ही रक्ताची कल्पना जहाजात बसून आपल्या दाराशी आली. पणजीला चर्चसमोरच्या चौकात गार्सिया द ओर्ताच्या नावाची बाग आहे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू होते, पोर्तुगालात त्यांना सक्तीने ख्रिस्ती केलं होतं. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. गार्सिया १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला चोरून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये गार्सियाची हाडं थडग्यातून उकरून तीही जाळली. बारा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला दिलेली ती शिक्षा होती. त्या बागेत बसलो की मला ती हाडंच आठवतात.

रक्ताची हीच भाषा १८७९ मध्ये विल्हेल्म मार नावाच्या जर्मन पत्रकाराने आधुनिक केली. ज्यूद्वेषासाठीचा ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द त्याच्याच चळवळीने रूढ केला. धर्माऐवजी ‘वंश’ म्हटलं की द्वेषाला विज्ञानाचा मुलामा चढतो. मग १९०३ मध्ये रशियात ‘झायनच्या ज्येष्ठांचे प्रोटोकॉल्स’ छापले गेले, म्हणजे ज्यू जग ताब्यात घेणार असल्याचा बनावट दस्तऐवज. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने दाखवून दिलं की त्यातला मजकूर १८६४ च्या एका फ्रेंच राजकीय पुस्तकातून उचलला आहे, ज्यात ज्यूंच्या कटाचा पत्ताही नव्हता. तरी तो आजही विकला जातो. या कटकथेत ज्यू एकाच वेळी भांडवलदार आणि कम्युनिस्ट दोन्ही असतात. कुठलीही अडचण तिच्यात बसते, म्हणून ती कधी जुनी होत नाही. हिटलरने काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. साठ लाख माणसं. आपल्याकडे फुटपाथवरच्या ढिगात त्याचं आत्मचरित्र ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून विकलं जातं, याची मला मनापासून लाज वाटते.

इस्लामी देशांत ज्यूंचा दर्जा दुय्यम होता, कर वेगळा होता, पण देवहत्येचा आरोप तिथे नव्हता. मुलांचा बळी देण्याचे आणि जगाविरुद्धच्या कटाचे आरोप तिथे बऱ्याच अंशी युरोपातून गेले. आजच्या इस्रायल सरकारवर, गाझातल्या मृत्यूंवर कठोर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. पण त्याचा जाब पॅरिसमधल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या ज्यू दुकानदाराला विचारला, तर तो ज्यूद्वेषच.

आता तुमच्या ‘काहीतरी केलं असेलच ना’ कडे परत येतो. ११४४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचजवळ एका मुलाचं प्रेत सापडलं आणि ज्यू ख्रिस्ती मुलांचा बळी देतात अशी कंडी उठली. जुलै १९४६ मध्ये, ऑशविट्झची नाझी छळछावणी उघडी पडून दीड वर्ष झाल्यावर, पोलंडमधल्या किएल्त्से गावात तीच कंडी पुन्हा उठली. छळछावण्यांतून वाचलेले काही ज्यू तिथल्या एका इमारतीत राहत होते. दोन दिवस बेपत्ता असलेल्या एका मुलाने सांगितलं की मला त्या इमारतीच्या तळघरात कोंडलं होतं. जमाव आला, त्यात पोलीस आणि सैनिकही होते. चाळीसहून जास्त ज्यू मारले गेले. मुलगा ते दोन दिवस एका खेड्यात ओळखीच्यांकडे होता. आणि त्या इमारतीला तळघरच नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत पोलंडमध्ये उरलेले हजारो ज्यू देश सोडून गेले.