जुन्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर वीस हजारांपर्यंतचे कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे?

तुमचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबतच आलेला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. त्याच्या भरवशावर कार्ड निवडू नका. हे माझे ठाम मत २०२१ मध्ये ऐरोलीतल्या आमच्या घरात बनले.

त्या वर्षी नव्या कार्डांचे भाव आवाक्याबाहेर गेले होते, म्हणून मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन वापरलेले आरएक्स ५८० कार्ड आणले. बाबा रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम करत. त्यांनी कार्डाकडे न पाहता आधी एसएमपीएसवरचे लेबल वाचले आणि विचारले, "बारा व्होल्टला अँपिअर किती?" लेबलावर १६ होते, म्हणजे १९२ वॉट. कार्डाला १८५ आणि प्रोसेसरला ६५ असे २५० वॉट हवे होते आणि दोघांचाही जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवरच येतो. एसएमपीएसच्या एकूण वॉटपैकी ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाट्याचे वॉट तिथे कामाला येत नाहीत. दादाचे म्हणणे असे की वर ४५० छापले आहे, तेवढे पुरे, बाबांचे हे गणित कारखान्यातल्या मोटारींचे आहे. मी दादाचे ऐकले, आणि एसएमपीएसला कार्डासाठी लागणारी आठ पिनांची तार नव्हती तरी मोलेक्सला, म्हणजे जुन्या चार पिनांच्या जोडणीला, कन्व्हर्टर लावून कार्ड सुरू केले. चौथ्या दिवशी ऐन खेळात जळका वास आला आणि सगळे बंद पडले. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला.

वापरलेले कार्ड घेतले म्हणून हे घडले, असे दादा आजही सांगतो. तेच कार्ड नंतर घेतलेल्या ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर आजही तक्रारीविना चालते आहे. बाबांचे गणित बरोबर होते, हे त्याने एकदा तरी मान्य करायला हवे होते.

एसएमपीएस बदलणार नसाल, तर आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी मेमरीचे, वेगळी पॉवरची तार न लागणारे मॉडेल पाहा. ते ७० वॉटचे असल्यामुळे मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागते, मात्र त्याच नावाच्या ८ जीबीच्या कार्डाइतकी ताकद त्यात नाही. बदलणार असाल, तर १३२ वॉटचे, ८ जीबीचे आरएक्स ६६०० अधिक चांगले. ४ जीबीचे कार्ड आता घेऊच नये. अर्थात, तुमचा एसएमपीएस खात्रीच्या कंपनीचा असेल आणि १२ व्होल्टसमोर ३० किंवा अधिक अँपिअर लिहिलेले असतील, तर तो बदलण्याची गरज नाही. लेबल वाचून तो आकडा इथे कळवा.