दीड होमर जव

प्रिय बाळ,

सलाम. परवा चर्नी रोडला बोरिवली स्लोमध्ये चढलीस, तेव्हा तुझ्या हातातल्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं. "कुठलं गं?" म्हणून विचारलं, तर आधी पुस्तक पर्समध्ये कोंबलंस आणि मग हळू आवाजात सगळं सांगितलंस. ख्रिस्ती प्रेमकथा वाचतेस. युवक संघातली मुलं म्हणतात, त्यापेक्षा बायबल, आपलं शास्त्र, वाच. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, असलं सोवळं प्रेम कोण वाचतं? आणि घरात एका स्थळाचं बोलणं चालू आहे, पण त्या मुलात 'काहीच विशेष नाही'. तेवढ्यात दादर आलं आणि मला उतरावं लागलं. राहिलेलं बोलणं इथे लिहिते.

आधी ते कव्हर काढून टाक. प्रेमाची गोष्ट वाचणं लपवायचं असेल, तर शास्त्राचीही बरीच पानं झाकावी लागतील. याकोबाने राहेलीसाठी सात वर्षं चाकरी केली आणि ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, हे उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे. रूथ रात्री खळ्यावर गेली आणि बवाजाच्या पायांवरचं पांघरूण सारून तिथे निजली. रविवारच्या शाळेत हा प्रसंग आपण घाईने उरकतो. मीही पुष्कळ वर्षं तसाच उरकला, ते चुकलंच. मुलींना थांबून सांगण्यासारखा आहे तो. परक्या देशातून आलेली गरीब विधवा स्वतःच्या तोंडाने लग्नाचं विचारते आणि तो माणूस तिची अब्रू सांभाळतो.

या कादंबऱ्या वाचताना मी एकच गोष्ट शोधते, ती शास्त्रातल्या होशेय संदेष्ट्याकडून शिकले. फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' तुझ्या यादीत असणारच. १९९१ साली आलेली ही कादंबरी होशेयाची गोष्ट उचलून १८५० च्या सुमाराच्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या शोधात आलेल्या माणसांत नेऊन ठेवते. ती वाचशील तेव्हा होशेयाचा तिसरा अध्यायही उघड, पाचच वचनं आहेत. सोडून गेलेल्या बायकोला परत आणायला होशेय पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर जव मोजतो. शेकेल हे तेव्हाचं वजन, होमर हे धान्याचं माप. हे जव मला कधीच विसरता आलेले नाहीत. निम्मे पैसे आणि निम्मं धान्य असं कोण देतं? ज्याच्याकडे सगळी रक्कम रोख नाही, तो. मला तर तो माणूस घरातली कणगी रिकामी करताना दिसतो. शास्त्रात असं लिहिलेलं नाही, हे माझं वाचन आहे. पण तेव्हापासून प्रत्येक प्रेमकथेत मी ते जव शोधते. इथे कोणी काय मोजलं? घरातून काय गेलं?

पुष्कळ पुस्तकांत कोणीच काही मोजत नाही. नायक देखणा, श्रद्धावान, शिवाय त्याच्याकडे घोडे नाहीतर मोठी शेतीवाडी. नायिकेचा देवावर राग असतो, शेवटून दुसऱ्या प्रकरणात ती एक प्रार्थना करते, राग जातो आणि लग्न होतं. तिथे प्रार्थना लग्नपत्रिकेवरच्या छापील वचनासारखी येते, आणि मला त्याचं वाईट वाटतं. प्रेमकथा सपक झाली तर फार बिघडत नाही, पण प्रार्थना सपक करू नये.

याउलट जॅनेट ओक यांची १९७९ ची 'लव्ह कम्स सॉफ्टली' बघ. पश्चिमेकडे निघालेल्या मार्टीचा नवरा वाटेतच मरतो आणि ती गरोदर असते. क्लार्क नावाच्या विधुराला त्याच्या लहानग्या मुलीसाठी कोणीतरी हवं असतं. दोघं लग्न करतात ते निव्वळ सोय म्हणून. वसंतात परतीचा काफिला मिळाला, तर तिने माहेरच्या वाटेला लागायचं, हेही ठरलेलं असतं. मधे असतो फक्त हिवाळा. त्या हिवाळ्यात स्वयंपाक चुकतो, मूल हट्ट करतं, लाकडं फोडायची असतात, आणि एवढ्यातच प्रेम होतं. गोष्ट साधीच आहे, पण जव मोजलेले दिसतात.

ऐतिहासिक कादंबरी वाचताना आणखी एक बघत जा. माळरानावरच्या या गोष्टींत जमीन नेहमी मोकळी, कोणाची नसलेली अशी दाखवतात. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळायची. पाच वर्षं राहून कसली की ती तुमची. पण त्या जमिनीवर आधी माणसं राहत होती आणि त्यांना हुसकावलेलं होतं. नायक-नायिका जेवणाआधी त्या पिकासाठी देवाचे आभार मानतात, तेव्हा लेखिकेला ही माणसं आठवतात का? ज्यांना आठवतात त्यांची पुस्तकं मी जपून ठेवते. आपण गिरणगावची माणसं. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेले पाहिले आहेत. 'ही जागा आधी कोणाची होती' हा प्रश्न आपल्याला परका नाही.

जुन्या इंग्लंडच्या कादंबऱ्यांत मात्र एका ठिकाणी घरचं वाटेल. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात ना, ते तिथेही असतं. नावं पुकारताना मुलगी मान खाली घालते आणि मागच्या बाकावरच्या बायका वळून बघतात, हे वाचताना मला आपलंच चर्च दिसतं. आमिश म्हणजे अमेरिकेतले जुन्या, साध्या पद्धतीने वेगळे राहणारे ख्रिस्ती लोक. त्यांच्यावरच्या कादंबऱ्यांबद्दल एवढंच सांगते: लिहिणाऱ्या बहुतेक जणी स्वतः आमिश नसतात, तेव्हा ते जगणं बाहेरून पाहिलेलं आहे हे लक्षात असू दे.

आता आजच्या काळातल्या कथा. मला वाटतं त्या जास्त जपून वाचायला हव्यात. १८५० चा शेतकरी आपल्याला भेटणार नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. पण आजचा नायक मोबाईल वापरतो, रविवारी चर्चला जातो, त्यामुळे वाटतं की असाच कोणीतरी येईल. लहानसं गाव, तो प्राण्यांचा डॉक्टर नाहीतर आगीच्या बंबावरचा जवान, योग्य वेळी योग्य वचन त्याच्या तोंडी. मी चोवीस वर्षांची असताना मंडळीतल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. चर्चचे पंखे बिघडले की तोच शिडीवर चढायचा. प्रार्थनेला उभं केलं की दोन वाक्यांत आमेन म्हणून बसायचा. मी नाही म्हटलं. माझ्या डोक्यात पुस्तकातला माणूस होता, जो तिचा हात हातात घेऊन मोठ्याने, सुंदर प्रार्थना करतो. पुढे त्याची आई अंथरुणाला खिळली. तो सात वर्षं पहाटे उठून तिचं सगळं करायचा आणि मग कामाला जायचा. चाळीतल्या एका खोलीत हे सगळं. पुढे मला चांगला नवरा मिळाला, तुझ्या काकांशी माझा संसार सुखाचा झाला. पण त्या मुलाला मी वाचलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. जव डोळ्यांसमोर मोजले जात होते आणि मला दिसले नाहीत.

दोष पुस्तकाचा नव्हता. मी नायकाचं बोलणं तेवढं लक्षात ठेवलं, तो काय करतो ते वाचलं नाही. तू एखादी कादंबरी नायकाचे संवाद गाळून वाचून बघ. उरलेल्या पानांत तो काय काय करतो ते शोध. काही नायक उरतातच कुठे!

आणि आपल्या भाषेकडे पाठ फिरवू नकोस. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, 'यमुनापर्यटन', १८५७ साली बाबा पदमनजी या आपल्याच ख्रिस्ती माणसाने लिहिली. तिच्यात विधवांचं दुःख आहे, आणि यमुना शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्नही करते. प्रेमकथा म्हणून ती तुझं मन भरणार नाही, पण एकदा वाच. मन भरेल लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने. ती कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे. नवरा १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतो, आणि बायको सोवळंओवळं पाळणारी, कित्येक वर्षं त्याच्यापासून दूर राहते. त्याचा रागही लिहिते, त्याच्यावरची मायाही लिहिते. १९०० साली तिचाही बाप्तिस्मा झाला, पण त्याआधी पाण्याच्या एकेका भांड्यावरून तिचं स्वतःशी जे भांडण चालतं, ते कोणत्याही कादंबरीतल्या शेवटच्या प्रार्थनेपेक्षा मला मोठं वाटतं.

माझी प्रत रविवारी उपासनेनंतर देते. २००५ च्या जुलैतल्या पुरात ती भिजली होती. पंख्याखाली वाळवली, पण पानं फुगलेलीच राहिली आणि पुठ्ठाही सुटलाय. रबर लावलंय, काढताना सांभाळ. मधे कुठे पेन्सिलीच्या खुणा दिसतील त्या माझ्या आहेत, तू तुझ्या वेगळ्या कर.

आणि तो मुलगा घरी येऊन गेला म्हणालीस. तो चहा पिऊन उठला तेव्हा कप कुठे ठेवला, तुझ्या आजीशी काय बोलला, ते मला लिही.

तुझी,
मावशी