ठिपके जोडले की प्लेट दिसते

प्रश्न : 30 मे 2015 ला जपानच्या ओगासावारा बेटांजवळ मोठा भूकंप झाला तेव्हा आमची मुलगी टोकियोत होती, निशी-कासाईला. बिल्डिंगची लिफ्ट बंद, दहा मजले जिन्याने उतरली बिचारी. परवा तिच्या जुन्या फोनमधला स्क्रीनशॉट बघितला तर खोली चक्क 680 किमी! मी सिव्हिल इंजिनिअरिंगमधून रिटायर झालेला माणूस, मला हे पचत नाहीये. एवढ्या खाली खडक तुटतो कसा, तिथेच तुटला हे वर बसून कळतं कसं, आणि म्हणे यावरूनच खाली गेलेल्या प्लेटचा नकाशा काढतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काका, आधी तुटण्याचं बघू. चिक्कीचा पाक गरम असताना कसा ताणला जातो, तुटत नाही, आणि गार झाला की कडकन मोडतो, तसंच आहे हे. एवढ्या खोलीवर आजूबाजूचा खडक इतका तापलेला असतो की ताण आला तरी तो सावकाश वाहतो, मोडत नाही. पण पॅसिफिक प्लेट, म्हणजे पॅसिफिक महासागराच्या तळाचा भलामोठा खडकाळ तुकडा, जपानच्या पूर्वेला समुद्रातल्या खोल गर्तेतून वर्षाला साधारण आठ सेंटीमीटरने खाली जातेय, खडक उष्णता फार हळू आत घेतो आणि प्लेट जाड आहे, त्यामुळे लाखो वर्षं झाली तरी तिचा गाभा गारच राहतो. म्हणजे त्या खोलीवर मोडण्यासारखी चीज एकच, ती बुडालेली प्लेट. (साधारण 700 किमीच्या खाली मात्र भूकंप होतच नाहीत. आणि इतक्या दाबाखाली गार खडकसुद्धा नेमका कसा मोडतो यावर तज्ज्ञांची अजून भांडणं चालू आहेत, त्यात आपण पडायला नको.)

मग उलटा विचार करा. खोल भूकंप प्लेटमध्येच होणार असतील तर प्रत्येक भूकंप म्हणजे प्लेटने आपणहून दिलेला एक ठिपका. आणि ठिपक्यांची रांगोळी आपल्याला काही नवी नाही.

आता ठिपका कुठे टाकायचा ते. भूकंपातून आधी वेगवान लाट येते, ती पी वेव्ह, मागून हळू चालणारी एस वेव्ह. दोन्हींमधला गॅप सेकंदात मोजायचा आणि ढोबळमानाने आठाने गुणायचा, की जवळच्या भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये आलं. गॅप 10 सेकंद तर अंतर 80 किमी. भूकंप मोजणाऱ्या एका स्टेशनला फक्त अंतर कळतं, दिशा नाही, म्हणून बरीच स्टेशनं लागतात. जपानमध्ये 1995 च्या कोबे भूकंपानंतर बोअर मारून आत बसवलेल्या सेन्सर्सचं जाळं उभं केलं, जवळपास 800 स्टेशनं. पण खरी कटकट खोलीची. कारण स्टेशनं सगळी वरच, खालच्या बाजूला कोणीच नाही, त्यामुळे भूकंप जरा खोल होता का जरा आधी झाला होता यात गणित गंडतं. लांबच्या स्टेशनांसाठी त्यावर एक मस्त उपाय आहे: भूकंपाची एक लाट आधी वर जाते, जमिनीच्या पृष्ठभागावर आपटून परत खाली वळते आणि मग स्टेशनला पोचते. सरळ आलेल्या लाटेपेक्षा तिला जितका जास्त उशीर तितका भूकंप खोल. विहिरीत दगड टाकून आवाजावरून पाण्याची खोली काढतो ना, त्याच जातीचं हे.

हे सगळ्यात आधी नीट मांडलं जपानच्या कियो वादातींनी. 1928 मध्ये त्यांनी दाखवलं की उथळ आणि खोल असे वेगळे भूकंप खरंच असतात, आणि 1935 मध्ये सारख्या खोलीचे भूकंप जोडून रेषा काढल्या, डोंगराच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात तशा. तुम्ही सर्व्हेची शीट हाताळली असेलच. पुढे अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांनी बाकीच्या ठिकाणी असंच उतरतं चित्र दाखवलं, म्हणून या पट्ट्याला वादाती-बेनिऑफ झोन म्हणतात. मला यातली गंमत ही वाटते की प्लेट ही कल्पनाच मुळात 1960 च्या दशकातली, म्हणजे वादातींनी जिचा नकाशा काढला तिला तेव्हा नावसुद्धा नव्हतं.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर ग्राफपेपर घ्या. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या साइटवर भूकंपांची यादी फुकट मिळते. अक्षांश 38 ते 40 एवढाच पट्टा घ्या, आडव्या अक्षावर रेखांश, उभ्यावर खोली, खालच्या दिशेने वाढती. 144 च्या आसपास गर्ता, तिथे ठिपके वरवर. जपानचा किनारा 142 ला, तिथे 50 किमीच्या आसपास. ज्वालामुखींच्या रांगेखाली 100 च्या आगेमागे. आणि पट्टा थोडा उत्तरेला वाढवून समुद्र ओलांडून रशिया-चीनच्या हद्दीपर्यंत गेलात की 500-600 किमी. दोनशेएक ठिपके टाकेपर्यंत कंटाळा येईल, पण उतार असा समोर उभा राहतो की बस. कुठेतरी नेमक्या 10 किमीवर ठिपक्यांची सरळ ओळ दिसेल, तिला भुलू नका, खोली जमली नाही की ते 10 टाकून मोकळे होतात. ठिपके खूपच अचूक मिळाले तर आणखी मजा: उत्तर जपानखाली एकाच प्लेटमध्ये भूकंपांचे दोन थर दिसतात, एकाखाली एक, मध्ये 30-40 किमीचं अंतर.

आणि तुमच्या मुलीचा 680 वाला ठिपका? तो बिचारा तिथल्या नेहमीच्या ओळीत बसतच नाही, तिथल्या बाकी भूकंपांच्या बराच खाली एकटाच पडलाय. त्यावरून प्लेट तिथे वाकलीय का दुमडलीय यावर भरपूर लिहून झालंय. जपानच्या सगळ्या 47 प्रांतांत जाणवला होता तो, टोकियोपासून 800 किमीहून लांब असून.

प्रश्न : मग आमच्या किल्लारीखाली पण अशी प्लेट बुडालीय का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही हो. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा आणि 1967 चा कोयनेचा, दोन्ही उथळ, प्लेटच्या कडेला नाही तर मधोमध झालेले. उथळ म्हणूनच वर एवढा विध्वंस झाला. तिथले ठिपके मांडले तर उतरता पत्रा दिसत नाही. भारतात तो बघायचा तर अंदमानला जा. तिथे आपलीच प्लेट पूर्वेकडे खाली सरकतेय, आणि बॅरन बेटाचा ज्वालामुखी त्याच भानगडीतून आलेला.