अठराव्या शतकातली युरोपातली छोटी चांदीची नाणी जमवायची आहेत. झिजलेली चालतील का, की चकचकीतच घ्यावीत?

झिजलेली घ्या, बिनधास्त. मी फक्त इंग्लंडच्या सिक्सपेन्सबद्दल, म्हणजे सहा पेन्सच्या चांदीच्या नाण्याबद्दल बोलतोय. जर्मन संस्थानांचं जाणकारांनी सांगावं.

माझ्याकडे राजा दुसऱ्या जॉर्जचा १७४६चा सिक्सपेन्स आहे. केसांच्या बटा सपाट झाल्यात, गाल गुळगुळीत. पण भिंग धरलं की गळ्याखाली ‘लिमा’ ही अक्षरं अजून वाचता येतात. स्पॅनिश अमेरिकेतून निघालेली चांदी समुद्रात पकडून लंडनच्या टांकसाळीत आणली, त्याची ती खूण. एका प्रदर्शनात हे नाणं मी एका ज्येष्ठ संग्राहकांना दाखवलं. त्यांनी खिशातलं भिंगसुद्धा काढलं नाही. “सोनाराकडे मोडीत घाला,” म्हणाले, आणि स्वतःचा १७८७चा सिक्सपेन्स पुढे केला. लखलखीत. चार लोकांसमोर झालेलं ते मला आजही झोंबतं.

तो लखलखीत का, हे कुणी विचारत नाही. १७१७ साली गिनी या सोन्याच्या नाण्याचा भाव २१ शिलिंग ठरला आणि इंग्लंडात चांदीला टांकसाळीपेक्षा बाहेर जास्त भाव मिळू लागला. टांकसाळ औंसाला ६२ पेन्सच देणार, मग तिथे चांदी नेणार कोण? वजनदार नाणी वितळवली गेली, चांदी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात आणि चीनमध्ये गेली. १७५८ नंतर सिक्सपेन्स पाडला तो थेट १७८७ साली, बँक ऑफ इंग्लंडसाठी, आणि त्यातला बराचसा बाजारात फिरलाच नाही. म्हणून तो आज कोरा मिळतो, तोही सहज. मधल्या काळात लोकांनी मजुरी घेतली, पाव विकत घेतला, तो माझ्याकडच्यासारख्या नाण्यांवर. संग्रह कशाचा करायचा, बाजाराचा की तिजोरीचा?

अर्थात झिजलेलं म्हणजे भोक बुजवलेलं किंवा पॉलिश मारलेलं नव्हे. साल वाचता यायला हवं. पूर्ण वजन साधारण तीन ग्रॅम. झिजलेलं त्याहून थोडं हलकंच भरणार. झिजलेलं दिसतंय आणि वजन जास्त, तर परत करा. आणि पुढेमागे विकायचंच असेल तर चकचकीत घ्या, भाव त्यालाच येतो.

१७८७चा घेतलात तर मागच्या बाजूला हॅनोव्हरच्या, म्हणजे राजाच्या जर्मन संस्थानाच्या, ढालीत पत्त्यांतल्यासारखे बारीक बदाम आहेत की नाहीत ते बघा, दोन्ही प्रकार मिळतात. त्या दिवशी मी त्या ज्येष्ठांना त्यांच्याच नाण्याबद्दल हे विचारलं होतं. त्यांना सांगता आलं नाही.