साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी पक्षाघाताचा झटका असू शकतो का? लहान धमनीतली गुठळी काढता येते का?

होय, असू शकतो. तुमच्या मालवणच्या काकांच्या उजव्या हातातून कप निसटला, शब्द अडखळू लागले आणि तरीही साधा सीटी स्कॅन स्वच्छ आला, यात विसंगती नाही. त्या तपासणीचे पहिले काम मेंदूत रक्तस्राव नाही ना हे पाहणे असते आणि लहान धमनीतला अडथळा सुरुवातीच्या तासांत तिच्यात बहुधा दिसत नाही. त्यासाठी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, करतात. तीतही बारीक फांद्या नजरेतून सुटतात, म्हणून परफ्युजन स्कॅन (मेंदूत रक्त कुठे कमी पोहोचते ते दाखवणारा) किंवा एमआरआयची जोड देतात.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, रक्तस्रावाचा धोका नसल्यास, साधारणपणे ४.५ तासांच्या आत द्यावे लागते. कॅथेटरने (धमनीत घातलेल्या बारीक नळीने) गुठळी ओढून काढण्याचा लाभ मोठ्या धमन्यांत सिद्ध झाला आहे. मात्र मध्यम व लहान धमन्यांबाबत २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एस्केप-मेव्हो' आणि 'डिस्टल' या चाचण्यांत तो सरसकट आढळला नाही. त्यामुळे गुठळी काढण्यासाठी थेट घाट चढून कोल्हापूर गाठण्याआधी सीटी आणि इंजेक्शनची सोय जवळ कुठे आहे, हे १०८ वर विचारणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. झोपेतून उठल्यावर लक्षणे दिसली असतील, तर रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा होता, ती वेळ डॉक्टरांना आवर्जून सांगावी.