अगाथा ख्रिस्तींच्या पॉयरो या गुप्तहेराच्या कादंबऱ्या वाचून झाल्यावर त्याच्या लघुकथा वाचाव्यात का? कोणत्या क्रमाने?

वाचाव्यात म्हणजे काय, वाचायलाच हव्यात! 'कथा म्हणजे कादंबऱ्यांतून उरलेला माल' असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, ते आमच्या भावोजींचे कुणीतरी लागत असणार.

गणपतीत ताईकडे जेवणं उरकल्यावर मी भाचरांना 'द प्लिमथ एक्सप्रेस' मराठीत सांगत होतो. नौदलातला एक तरुण अधिकारी गाडीत चढतो, बॅग सीटखाली ढकलतो, ती आत जातच नाही. वाकून बघतो तर बाईचं प्रेत. पोरं चिडीचूप. अमेरिकन कोट्यधीशाची मुलगी, जवळ दागिने, मधल्याच स्टेशनवर उतरवलेली मोलकरीण, इथवर आलो आणि सोफ्यावर पेंगणारे भावोजी ताडकन उठून बसले. "अरे, ही तर 'ब्लू ट्रेन'! बाईंनी कादंबरी आटवून कथा केलीय."

म्हटलं, उलटं आहे. कथा १९२३ची, 'द स्केच' साप्ताहिकातली. 'द मिस्ट्री ऑफ द ब्लू ट्रेन' ही कादंबरी आली १९२८ला. तर म्हणे, "तेच म्हणतोय, कथा म्हणजे कच्चा खर्डा."

धन्य आहे! ती कादंबरी खुद्द अगाथा ख्रिस्तींना आवडत नव्हती, आत्मचरित्रात स्वच्छ लिहून ठेवलंय. आई गेलेली, संसार मोडलेला, पैशांसाठी रेटून लिहिलेली. कथेत तोच ऐवज थोडक्या पानांत बसतो आणि कुठे रेंगाळत नाही.

क्रमाबिमाच्या फंदात पडू नका. 'पॉयरोज अर्ली केसेस' घ्या. पुस्तक १९७४चं, पण कथा बहुतेक १९२३च्या आसपासच्या. त्यातली 'द चॉकलेट बॉक्स' आधी वाचा. बेल्जियमच्या पोलिसांत असताना पॉयरो कसा तोंडावर आपटला, ते तो स्वतःच सांगतो. मला गर्व चढलाच तर नुसतं 'चॉकलेट बॉक्स' म्हण, असं मित्राला, हेस्टिंग्जला बजावतो आणि लगेच स्वतःच्या मेंदूचे गोडवे गायला लागतो. नंतर 'द लेबर्स ऑफ हर्क्युलिस' हा कथासंग्रह.

हां, एका बैठकीत आठ-दहा वाचू नका, साचा कळायला लागतो. आणि 'ब्लू ट्रेन' वाचलेली असेल तर 'प्लिमथ'मध्ये रहस्य फारसं उरणार नाही, ते भावोजींचं खरं.

पण 'द बिग फोर' ही 'द स्केच'मधल्या बारा कथा एकत्र शिवून १९२७ला काढलेली. भावोजी तिला मात्र बिनदिक्कत कादंबरीत मोजतात.