भिंतीची ओल बाहेर दिसते, इलाज मात्र मातीच्या बाजूने

तुमच्या धुळ्याच्या घरी बागेची माती रस्त्यापेक्षा ३ फूट उंच आहे, ती अडवणारी विटांची कंपाउंड भिंत दर पावसाळ्यानंतर बाहेरून पोपडे टाकते, आणि कोणता वॉटरप्रूफ रंग मारावा असं तुम्ही विचारलंय. यंदा कोणताच मारू नका. अमळनेरला आमच्या भिंतीला मी तीन वर्षांत दोनदा भारीतला रंग दिला. दुसऱ्या वेळी दिवाळीच्या आतच फुगे आले. एक बोटाने दाबला, तर पाण्याचा ओघळ आला आणि मागून मिठासारखी पांढरी भुकटी सांडली.

पाणी येतं मातीतून. वीट ते शोषते आणि बाहेरच्या अंगाने वाळवते. पाणी उडून जातं, क्षार राहतात, तोच लोणा. रंगाने ती बाजू बंद केली की क्षार रंगामागे साठतात आणि प्लास्टरसकट तो उचकटून टाकतात. बोअरचं पाणी जड असेल तर लोणा आणखी वाढतो.

त्यात आपली काळी माती. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट भिंतीच्या बुडाशी उतरतं, मग माती फुगून भेगा मिटतात आणि आत गेलेलं पाणी लवकर निघत नाही. ३ फूट पाणी भिंतीमागे साचलं तर दर मीटर लांबीला ४०० किलोच्या आसपास आडवा रेटा बसतो, आणि मातीचा रेटा वेगळाच. म्हणून आधी ओळंबा लावून बघा. भिंत बाहेर झुकली असेल किंवा तिला आडवे तडे गेले असतील, तर ओलीचं काम थांबवून इंजिनिअरला बोलवा. ९ इंची विटांची भिंत मुळात माती पेलायला नसते, हे मी कळकळीने सांगतोय.

ओलीची रेघ कुठे संपते तेही पाहा. आतल्या मातीच्या पातळीला संपत असेल तर दोष मातीकडून. वरून खाली उतरत असेल तर भिंतीचा माथा उघडा आहे. त्यावर उतार देऊन कोपिंग, म्हणजे माथ्यावरचं झाकण, करा, भिंतीबाहेर २ इंच काढा आणि खालून खाच ठेवा, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता तिथूनच ठिबकेल.

आमच्याकडे मिस्तरी आला तेव्हा म्हणाला, "भाऊ, पहिले पानीले वाट करी द्या." तसंच केलं. मार्चमध्ये आतून भिंतीलगत दीड-दोन फूट रुंद चर खणला, एका वेळी ७-८ फूट लांबीचाच, आणि पायाच्या खाली अजिबात गेलो नाही. भिंत तारेच्या ब्रशने घासून वॉटरप्रूफिंग पावडर घातलेलं १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) प्लास्टर केलं. आठवडाभर पाणी मारलं, पूर्ण वाळू दिलं, मग डांबरी लेपाचे दोन हात. लेपाला खडी टोचू नये म्हणून वर प्लास्टिकचा ड्रेन शीट (पाणी खाली उतरू देणारा उंचवट्यांचा पत्रा) लावला.

खरा जीव पाइपांत आहे. बाहेरच्या जमिनीपासून अर्धा फूट वर, दर ४-५ फुटांवर ३ इंची पीव्हीसी पाइप बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवा, आतल्या तोंडाला जाळी बांधा. भिंतीलगत फूटभर जाड धुतलेली खडी, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. ते वगळलं तर काळी माती दोन-तीन पावसाळ्यांत खडी बुजवून टाकेल. खणलेली काळी माती भिंतीपाशी परत लोटू नका. झाडांसाठी वरचा ६ इंच मातीचा थर पुरे. पाइपांचं पाणी गटारीत जाईल असं बघा, शेजाऱ्याच्या अंगणात नको.

बाहेरचं फुगलेलं प्लास्टर पाडून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतला तर क्षार परत आत शिरतात. मग चुना किंवा साधा सिमेंट पेंट द्या. केळी, अळू यांसारखी पाणी पिणारी झाडं भिंतीपासून ४-५ फूट लांब लावा. आणि दरवर्षी मृगाच्या आधी पाइपांत सळई फिरवा, मुळं आणि मुंग्यांची माती त्यांची तोंडं बंद करतात.